ताडोबा: आधी इतिहास, मग तारीख

पुण्याहून एका ताईंनी दोन प्रश्न एकदम विचारलेत. मुलगी पाचवीत आहे, तिला शाळेच्या प्रकल्पासाठी ताडोबाचा इतिहास हवाय. आणि घरचे पाच जण, त्यात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, असे मिळून ताडोबाला कधी जावं? ‘वाघ बघायचा तर मे महिनाच, असं सगळे सांगतात. खरं का?’ असंही शेवटी जोडलंय.

ताई, मेचं आधी सांगून टाकतो. सासू-सासऱ्यांना घेऊन मेमध्ये येऊ नका. कारणं पुढे येतीलच. मी चंद्रपूरचा, पर्यटकांना जंगल दाखवणं हेच माझं काम. ताडोबाच्या बाबतीत तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. कुठलं जनावर कुठल्या महिन्यात कुठे दिसणार, हे पाणी आणि गवत ठरवतं. आणि इथलं बरंचसं पाणी न् गवत माणसांच्या येण्या-जाण्यातून तयार झालंय. म्हणून इतिहास आधी घेतो.

मुलीच्या वहीत पहिलं नाव तारूचं येऊ द्या. तारू हा इथल्या एका गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मारला गेला, आणि गोंड लोकांनी त्याला देव मानलं, अशी कथा आहे. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौष महिन्यात तिथे आदिवासींची यात्रा भरते. तलावाला आणि जंगलाला नाव मिळालं ते याच देवावरून. सफारीत गाइड तलावाजवळ गाडी थांबवतो तेव्हा बहुतेक पाहुणे पाण्यात मगर शोधत असतात. मगरी आहेतच, काठावर ऊन खात पडलेल्या बऱ्याचदा दिसतात. पण त्या जागेचं मोल देवामुळे आहे. राष्ट्रीय उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून हा भाग कुणाच्या तरी श्रद्धेत होता, आणि माझ्या मते जंगल टिकण्यात त्या श्रद्धेचा वाटा सरकारी कागदाइतकाच आहे.

हा सगळा मुलूख चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा. चंद्रपूर शहराभोवतीचा परकोट आणि त्याचे दरवाजे त्यांचेच. तलाव बांधण्याची या राजांना मोठी हौस, किंवा गरज म्हणा, कारण धानाचा देश आहे हा. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी पद्धत होती म्हणतात. पूर्व विदर्भातले ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेलेलं त्याच परंपरेतलं धन. चंद्रपूरजवळचा जुनोना तलावही गोंडकालीन. आज तो ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, येतो आणि तिथे सफारी चालते. म्हणजे राजाने बांधलेल्या पाण्यावर आज वाघ येतो.

मोहर्ली गेटहून तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांब दिसतात. मुलीला ते नक्की दाखवा. राजाची स्वारी निघाली की या खांबांतून ओवलेला दोर ओढून घंटा वाजवत आणि निरोप पुढे पोचवत, असं इथे सांगतात. जंगलातली तारयंत्रणाच म्हणा ना! वाघाच्या नादात गाडी भरधाव गेली तर खांब दिसतही नाहीत, म्हणून गाइडला आधीच सांगून ठेवायचं.

1751 मध्ये चांद्याचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि 1854 मध्ये भोसल्यांचंही खालसा होऊन इंग्रज आले. त्यांनी जंगल मोजलं, राखीव केलं, सागवान कापलं आणि शिकारीचे परवाने दिले. मध्य प्रांतातल्या बाकीच्या जंगलांची कहाणी याहून फार निराळी नाही. वेगळी गोष्ट घडली ती 1935 मध्ये: ताडोबात शिकारीला बंदी झाली. वन्यजीव संरक्षणाचा देशव्यापी कायदा यायला तेव्हा आणखी सदतीस वर्षं होती.

आता प्रकल्पाला शोभेल अशी गंमत. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, हे पाठ्यपुस्तकात असतंच. पण 1955 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं! चांदा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कान्हाही त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. एकाच वर्षी, एकाच राज्यात जन्मलेली दोन भावंडं, एक मध्य प्रदेशाकडे राहिलं, एक आपल्याकडे आलं. मुलीला नकाशा काढायला लावा, जुना आणि नवा शेजारी-शेजारी. बाईंना तो नक्की आवडेल.

1955 चं उद्यान आजच्या मानाने लहानच होतं, 116.55 चौरस किलोमीटर. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातून निवडलं गेलं ते मेळघाट. ताडोबा मागे राहिलं. 1986 मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं, 508.85 चौरस किलोमीटरचं. अंधारी ही या जंगलातून वाहणारी नदी. 1995 मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2010 मध्ये त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचं बफर आलं. त्यामुळे ‘आम्ही ताडोबा नॅशनल पार्क पाहिलं’ असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी मोहर्ली भागातलं अंधारी अभयारण्य पाहिलेलं असतं. वाघाला याने काही फरक पडत नाही, प्रकल्पाच्या वहीत मात्र पडेल.

पाणी आणि गवत म्हणालो होतो, त्याकडे येतो. पश्चिमेला इरई धरण आहे. ते बांधलं चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी, जंगलासाठी कुणी बांधलं नव्हतं. पण त्याचं फुगवटीचं पाणी जंगलाला येऊन टेकलं आणि तिथे उन्हाळाभर ओला काठ मिळाला. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं, त्यावर चितळं, आणि चितळांमागे जो यायचा तो येतोच.

दुसरं गवत आलं ते गावं उठल्यावर. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गाभा क्षेत्रातली, म्हणजे आतल्या मुख्य जंगलातली, गावं टप्प्याटप्प्याने बाहेर नेली गेली. त्यांच्या शेतांची कुरणं झाली. आज जामणी किंवा नवेगावच्या कुरणावर गाडी थांबली की समोर चितळांचे कळप, रानडुकरं, कधी गवे, आणि पलीकडच्या कडेने वाघीण बछडी घेऊन जाताना दिसते. पर्यटकांच्या कॅमेऱ्यातले कित्येक ‘सुंदर फोटो’ एके काळच्या धानाच्या बांध्यांत काढलेले आहेत. नीट पाहिलं तर गवताखाली बांधाच्या रेषा अजून जाणवतात, आणि आंब्याची झाडं ओळीने लावल्यासारखी उभी असतात, कारण ती लावलेलीच होती. पुनर्वसन चांगलं झालं की वाईट, यावर मी इथे निकाल देणार नाही. घराघरांत उत्तर वेगळं मिळतं. पण कुरण पाहताना ते कुणाचं होतं हे मुलीला माहीत असावं.

नवेगावच्या बाजूलाच रामदेगी. तुकडोजी महाराज पोरवयात याच रानात भटकले, साधना केली. आणि नागपूरहून कोलारा गेटकडे येताना वाटेत चिमूर लागतं, 16 ऑगस्ट 1942 च्या उठावाचं चिमूर. ते वाघांच्या इतिहासात मोडत नाही, पण तुम्ही त्याच रस्त्याने येणार आहात, तर पाच मिनिटं थांबायला काय हरकत?

अलीकडचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात वाद फार. चंद्रपूर कोळशाचा जिल्हा. ताडोबाजवळ लोहारा इथे कोळसा खाणीचा प्रस्ताव आला तेव्हा वाघांचा भ्रमणमार्ग तुटेल म्हणून शहरातल्या लोकांनी आंदोलन केलं, उपोषणं झाली, आणि तो प्रस्ताव मागे पडला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही महिने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन थांबवलं होतं. पुढे पर्यटनाची मर्यादा ठरली. दरम्यान वाघ वाढले. 2006 च्या अंदाजात अख्ख्या महाराष्ट्रात 103 वाघ होते, 2018 मध्ये 312, 2022 मध्ये 444. त्यांतला फार मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात, आणि त्यातले कितीतरी ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरीच्या जंगलात, वीज केंद्राच्या झुडपांत, गावाच्या शिवारात. आता तर इथले वाघ बाहेर पाठवले जातात. 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याला गेल्या, 2024 मध्ये ताडोबातून दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला. एके काळी मेळघाटच्या मागे राहिलेलं हे जंगल.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं. काळ्या मातीचे रस्ते, गाडी रुतली की रुतली. बफरची काही गेट्स पावसाच्या मर्जीप्रमाणे चालू राहतात. पावसाळ्यातलं बफर हे ज्यांना वाघाची घाई नाही अशांसाठी. तुमच्या घरच्यांसाठी नाही.

1 ऑक्टोबरला गेट उघडतं तेव्हा जंगल हिरवंगच्च असतं. गवत गाडीच्या दाराइतकं, रस्त्यावर आडवी मोठाली कोळ्यांची जाळी, फुलपाखरं भरपूर. पाणी प्रत्येक नाल्यात असल्याने जनावराला एका जागी यायचं कारणच नसतं. वाघ दहा हातांवर बसलेला असेल आणि तुम्हाला कळणारही नाही. ऑक्टोबरात येऊन ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणारे लोक मला दरवर्षी भेटतात. त्यांना महिना चुकीचा सांगितलेला असतो, एवढंच. नोव्हेंबरात गवत पिवळं पडायला लागतं, सकाळी तलावावर धुकं असतं, इरईच्या पाण्यावर चक्रवाकासारखे पाहुणे पक्षी उतरतात. दिवाळीची सुट्टी टाळून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आलात तर जंगल सुंदर आणि गर्दी बेताची.

डिसेंबर-जानेवारीबद्दल एक गैरसमज आहे, की थंडीत वाघ दिसत नाही. दिसतो, आणि पुष्कळदा रस्त्यावरच दिसतो. दवाने ओलं झालेलं गवत त्याला आवडत नाही, धुळीचा रस्ता कोरडा आणि मऊ असतो, म्हणून पहाटे तो सरळ गाडीवाटेने चालतो. जरा उन्हं वर आली की उघड्यावर अंग शेकत पसरतो. अडचण वाघाची नाही, माणसाची आहे. उघड्या जिप्सीत पहाटे सहाच्या सुमाराला वारा अंगात शिरतो. गाइड घोंगड्या देतात, तरी म्हाताऱ्या गुडघ्यांना ते सोसत नाही. शिवाय नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे जत्रा. एका वाघामागे जिप्सींची रांग लागते, पुढचा ड्रायव्हर मागच्यावर खेकसतो, आणि वाघाला रस्ता ओलांडायला फट मिळत नाही. त्या आठवड्यात मी माझ्या घरच्यांनाही नेत नाही.

माझी पसंती फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा दुसरा आठवडा, होळीचे दिवस सोडून. तुम्हीही हेच दिवस धरा असं मी सांगीन. पहाटेची थंडी स्वेटरवर भागते, दुपारची सफारी अंग भाजत नाही, आणि जंगल उघडं व्हायला लागलेलं असतं. सागाची पानं गळतात. पळस पेटतो, त्यापाठोपाठ काटेसावर आणि पांगारा फुलतात, आणि त्यांवर पक्ष्यांचा नुसता कालवा. करू नावाच्या झाडाचं पांढरंफटक खोड एरवी पानांत लपलेलं असतं, आता ते उन्हात चकाकतं. गाइड त्याला भुताचं झाड म्हणतात आणि लहान मुलांना ते नाव फार आवडतं.

याच काळात आणखी एक गोष्ट होते, जी पर्यटकांना कुणी सांगत नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याच्या हिशेबी वणव्याचा हंगाम. त्याआधी रस्त्यांच्या दोन्ही कडांचं गवत कापून, जाळून पट्टे तयार करतात, त्यांना जाळरेषा म्हणतात. आग लागलीच तर ती या पट्ट्यावर अडावी हा हेतू. पण जळलेल्या पट्ट्यावर थोड्याच दिवसांत हिरवे कोंब फुटतात, चितळं चरायला रस्त्याकाठी येतात, आणि तुमची नजरही आणखी चार-सहा मीटर आत पोचते. ऑक्टोबरातला आणि मार्चातला तोच रस्ता पाहिलात तर एकच आहे यावर विश्वास बसणार नाही.

मार्च सरता सरता मोह गळायला लागतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा, आणि त्यासाठी येणारी अस्वलं. बफरच्या गावांतल्या बायकाही त्याच फुलांसाठी त्याच वेळी रानात असतात. पुढे एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपत्त्याचा हंगाम. माणूस आणि वाघ समोरासमोर येऊन जीव जाण्याच्या घटना इथे याच महिन्यांत वाढतात. रिसॉर्टच्या कॉफीवर ‘आज साइटिंग झालं का?’ एवढीच चर्चा चालू असते, तेव्हा पलीकडच्या गावात कुणीतरी सरपणाला गेलेला माणूस परतायची वाट बघत असतं. मुलीच्या प्रकल्पात यावर चार ओळी असाव्यात असं मला वाटतं.

मग मे का म्हणतात सगळे? त्यात तथ्य आहेच. चंद्रपूरचा पारा 46-47 पर्यंत जातो. नाले कोरडे पडतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, आणि वाघाला तर पाणी पिण्याइतकंच बसायलाही लागतं. तुम्ही पाणवठ्यावर गाडी लावून थांबायचं, बस. तो येतो, क्षणभर उभा राहतो, मग वळतो आणि पाठमोरा होऊन मागच्या पायांनी हळूहळू पाण्यात उतरतो. तोंड बाहेर, जंगलाकडे. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तो असं करतो म्हणतात. काही असो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. गळ्यापर्यंत पाण्यात तास-तासभर बसतो, कधी मध्येच शेपटी उचलून पाणी उडवतो. हे पाहायला मेसारखा महिना नाही.

पण हल्ली फरक पडलाय. पूर्वी नैसर्गिक पाणी आटलं की जनावरं तलावावर किंवा एखाद्या डोहावर एकवटायची. आता जागोजागी बोअर आणि सौर पंपावर चालणारे कृत्रिम पाणवठे आहेत, ते बाराही महिने भरलेले. त्यामुळे मार्चमध्येही वाघ पाणवठ्यावर मिळतो आणि मेमध्येही तो एकाच जागी येईल याची हमी नाही. मे आणि मार्च यांतलं अंतर लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी झालंय. तेवढ्या जास्तीच्या शक्यतेसाठी सत्तरीतल्या माणसांना दुपारी अडीच-तीनला उघड्या गाडीत बसवायचं, हा सौदा मला पटत नाही. तरुण आहात, कॅमेरा घेऊन एकटे येताय, तर खुशाल मेमध्ये या. ओला पंचा आणि कांदा खिशात ठेवा. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावर रात्र काढायची संधी देतं, तिचंही नाव काढतो, कारण ते तुमच्यासाठी नसलं तरी पुढे मुलीला लागेल. त्या रात्रीच्या मोजणीवरून आता वाघांची संख्या ठरत नाही, त्याला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आहेत. रात्रभर गप्प बसून चांदण्यात पाणवठा बघायचा, एवढाच त्याचा मतलब.

जूनचा पहिला पाऊस पडला की पक्षीवाल्यांचे दिवस. नवरंग येतो, त्याची शीळ सकाळभर ऐकू येते. वाघ पांगलेला असतो. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

दिवस ठरवताना दोन गोष्टी बघा. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं, आणि शनिवार-रविवारी दर चढे असतात. म्हणजे बुधवार ते शुक्रवार सगळ्यात सोयीचे. मुलीची शाळा दोन दिवस बुडेल, बुडू द्या. बुकिंग ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. काही महिने आधी तारखा खुल्या होतात आणि मोहर्ली, कोलारा ही नावाजलेली गेट्स लगेच भरतात. ‘माझी आत ओळख आहे, परमिट काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्या ओळखपत्रावर बुकिंग, तेच गेटवर लागतं. सासूबाईंचं आधार कार्ड घरी राहिलं की सगळी वरात गेटवर अडते. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा फोटोसाठी साधा कॅमेरा आणा.

एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तुम्ही पाच, म्हणजे अख्खी गाडी तुमचीच. सासू-सासऱ्यांना मधल्या रांगेत बसवा. मागची सीट सगळ्यात उंच असते, दिसतं छान, पण प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. तीन सफारी पुरेत: दोन गाभ्यात, एक बफरमध्ये. चार-पाच कराल तर तिसऱ्या दिवशी म्हातारे खोलीतच राहतील. बफरची सफारी मुद्दाम सांगतोय. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा या भागांत वाघ गाभ्याइतकेच मोकळे दिसतात, गर्दी कमी असते, आणि गाइड त्याच गावातले पोरं-पोरी असतात. होय, मुलीही गाइड आहेत इथे. शेजारी वाघ वागवायचा तर गावाला त्यातून काहीतरी मिळायला हवं, या मताचा मी आहे, आणि बफरच्या गेटवर दिलेला पैसा गावाच्या जास्त जवळ राहतो.

गाडीत बसल्यावर मुलीला एक काम द्या: कान देणं. वानराचा खोकल्यासारखा ‘खॅक्’, चितळाची शिट्टीसारखी तीक्ष्ण हाक, आणि सांबराचा छातीतून आलेला ‘पोंक’. वानर झाडावरून बघून ओरडतं, त्यामुळे त्याला दिशा ठाऊक असते. चितळ घाबरट, बिबट्या, रानकुत्रे, कधी कधी नुसती शंका आली तरी ओरडतं. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. एकाच जागेवरून थांबून-थांबून सांबराचा कॉल येतोय, तर आमचे गाइड गाडी बंद करायला सांगतात आणि दुसरी गाडी कुठेही पळो, जागचे हलत नाहीत. तुमचा ड्रायव्हर ‘पलीकडे वाघ निघाला’ ऐकून गाडी हाकायला लागला तर मुलीला विचारू द्या, सांबर ओरडलं का म्हणून. ऐकतात ते.

येताना नागपूरला उतरलात तर कोलारा किंवा नवेगाव गेट सोयीचं, चिमूर मार्गे. रेल्वेने चंद्रपूरला आलात तर मोहर्ली, तास-दीड तासात पोचाल. वडीलधारे सोबत असताना मी मोहर्ली सुचवीन: चंद्रपूरचे दवाखाने हाताशी, राहायला सरकारी-खासगी दोन्ही सोयी, आणि दगडी खांबांचा रस्ता तिकडूनच. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, परतीला तिथे अर्धा दिवस ठेवा. तारखा पक्क्या झाल्या की बुकिंग आधी, आणि रेल्वेची तिकिटं नंतर. उलटं केलेले लोक दरवर्षी परमिटाशिवाय चंद्रपूर स्टेशनवर उतरतात.